हुमणीला एक वर्ष द्या

वळिवाचा दमदार पाऊस झाला की पंचगंगेकाठच्या शिवारांत तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात. या किडीचा जीवनक्रम प्रयोगशाळेत अभ्यासायचा असेल, तर नर-मादीच्या जोड्या त्याच दिवसांत गोळा कराव्या लागतात. ती वेळ हुकली की वर्ष गेले, कारण तिची वर्षाला एकच पिढी होते. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या मुदतीत हे बसत नाही. मग तो लष्करी अळी निवडतो.

त्या अळीचा अभ्यासही हवाच. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिची पिढी साधारण महिनाभरात पुरी होते. मक्याच्या पानांवर किंवा हरभऱ्याच्या पिठाच्या कृत्रिम खाद्यावर ती वाढते. एकमेकींना खाऊ नयेत म्हणून मोठ्या अळ्या वेगवेगळ्या ठेवल्या की झाले. पण सोय पाहून कीड निवडायची, आणि उसाची मुळे कुरतडणारी हुमणी मागे ठेवायची, हे कोल्हापुरात तरी पटण्यासारखे नाही.

हुमणी वाढवणे चिकाटीचे काम आहे, हे खरे. माती चाळून निर्जंतुक करावी लागते. ओल कमी पडली तर अंडी सुकतात, जास्त झाली तर बुरशी शिरते. अंडे मातीतले पाणी शोषून फुगते आणि गोल होते; तेवढ्यासाठीही ओल सांभाळावी लागते. अळ्या एकमेकींना चावतात, म्हणून प्रत्येकीला वेगळी वाटी. खायला गाजराचे किंवा बटाट्याचे काप, नाहीतर मोड आलेला मका. शिवाय ती मातीआड असते. रोज उकरून पाहिले तर अळी दुखावते, न पाहिले तर कात टाकल्याची तारीख निसटते.

एवढा खटाटोप कशासाठी? पहिल्या अवस्थेतली अळी लहान असते, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावर आणि कोवळ्या मुळांवर जगते. अळीला मारणारी मेटारायझियम बुरशी द्यायची वेळ तीच. तिसऱ्या अवस्थेतली अळी उसाचे बेट वाळवते आणि सहज मरत नाही. या अवस्था आपल्या मातीत नेमक्या कधी बदलतात, हे संगोपनातूनच कळते. प्रजातीचेही तसेच. होलोट्रिकिया सेराटाचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात, तेथे झाडे हलवून ते वेचता येतात. नदीकाठची ल्युकोफोलिस लेपिडोफोरा तशी झाडांवर झुंबड करत नाही. आपल्या रानात कोणती आहे हे न पाहता दिलेला सल्ला शेतकऱ्याची मजुरी वाया घालवतो.

२००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक वाढवून शिवारात सोडता आले. ते वाढवण्यासाठी आधी त्यांचा जीवनक्रम माहीत असावा लागतो.

मार्गदर्शक प्राध्यापकांना विनंती आहे : हुमणीचे संगोपन एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाला बांधू नका. ते विभागाचे कायमचे काम करा, नोंदवही पुढच्या तुकडीच्या हाती द्या. साखर कारखान्यांच्या ऊस विकास विभागांनी वळिवानंतर गटवार भुंगेरे पुरवावेत. प्रत्येक नोंदीत गाव, तारीख, मातीचे तापमान आणि ओल लिहायला विसरू नका.