सुई, झोप आणि दादाचं एक्सेल

काल शनिवार, त्यामुळे अकरापर्यंत ताणून दिली. उठून फोन बघतो तर आईचा मेसेज, "दादा साडेसहा तास झोपला." बस, एवढंच. आमच्या घरी गेली पाच वर्षं 'जेवलास का'च्या आधी झोपेची चौकशी होते.

दादाला बायपोलर डिसऑर्डर आहे. (त्याला विचारूनच लिहितोय. डायबेटिस असता तर कुणी लपवला असता का?) लिथियम चालू आहे. त्याची रक्तातली पातळी अधूनमधून तपासावी लागते, कारण उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी. पण त्या तपासण्यांचा दादाला कंटाळा नाही. छळते ती झोप. डिप्रेशनमध्ये रात्रभर कूस बदलत पडायचं, आणि मेनिया यायचा असला की तीन तास झोपूनसुद्धा स्वारी एकदम ताजीतवानी! म्हणून मी त्याला एक एक्सेल शीट करून दिली. किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, शेरा.

मागच्या वर्षी शेजारच्या काकूंनी नाशिकमध्येच एका ठिकाणी अॅक्युपंक्चर सुचवलं. आईला पटलं. मामा म्हणाले, "कसली ही चिनी थेरं!" वास्तविक या सुईचं आपल्याशी जरा नातं आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, हे शांतारामबापूंच्या सिनेमामुळे सगळ्यांना माहीत असतं. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे १९५०च्या दशकात पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात ते करू लागले. असो. मामांना यातलं काही पटलं नाही.

खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. 'ची' नावाची ऊर्जा शरीरातल्या वाहिन्यांतून वाहते म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न, ती मोजतात कशात? दादा म्हणाला, "तू तुझ्या सर्व्हरची काळजी कर, माझं मला बघू दे." आणि गेला.

आणि झोप सुधारली की राव! आठ सिटिंग्जमध्ये शीटवरचा आकडा चारवरून सहाच्या पुढे.

आता खूश व्हायचं सोडून मी डीबगिंगला बसलो. एकाच रिलीजमध्ये पाच बदल टाकले आणि बग गेला, तर नक्की कशाने गेला? दादा आठवड्यातून दोनदा सकाळी वेळेवर उठून चालत क्लिनिकला जायला लागला होता. चारनंतरचा चहा त्यांनी बंद करायला लावला, दुपारची झोपही. शिवाय पाऊण तास मोबाईलशिवाय शांत पडून राहायचं. आणि माणूस उपाय शोधायला निघतो तोच मुळी सगळ्यात वाईट दिवसांत, त्यानंतर थोडं बरं वाटायचंच.

संशोधकांचंही हेच दुखणं आहे. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटी सुई कशी टोचणार? १९९८ साली जर्मनीत त्यावर एक जुगाड निघाला. बोथट टोकाची सुई, जी दाबली की आपल्याच मुठीत सरकते. नाटकातल्या सुऱ्यासारखी! पेशंटला वाटतं, टोचली. निद्रानाशावरच्या ३३ चाचण्या, २२९३ माणसं, एवढं सगळं कॉक्रेनच्या २०१२च्या आढाव्यात एकत्र तपासलं गेलं आणि निष्कर्ष काय, तर पुरावा इतका कच्चा की बाजूनेही ठाम बोलता येत नाही आणि विरुद्धही. ब्रिटनमध्ये डिप्रेशनच्या ७५५ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २०१३ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांबरोबर सुया घेणाऱ्यांना नुसत्या उपचारांपेक्षा जास्त बरं वाटलं. पण नेहमीच्या उपचारांबरोबर समुपदेशन घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढंच! माझा संशय असा, की कुणीतरी दर आठवड्याला बसून आपलं ऐकतंय, यात बरंचसं आलं. सुई टोचली काय, नाही टोचली काय.

इथवर ठीक होतं. पण नवव्या सिटिंगला तिथले गृहस्थ म्हणाले, "आता गोळ्या हळूहळू कमी करून बघा." दादाने 'हळूहळू' गाळलं. कुणालाही न सांगता लिथियम एकदम बंद.

अडीच आठवड्यांनी रात्री तीन वाजून वीस मिनिटांनी मला त्याचे मेसेज. एकामागोमाग चौदा. द्राक्षं थेट दुबईला पाठवायचा बिझनेस, मी नोकरी सोडून पार्टनर व्हायचं वगैरे. शीट उघडली. सलग चार रात्री तीन तास. शेरा : 'मस्त वाटतंय.' पहाटेची पहिली गाडी पकडून नाशिक गाठलं. अॅडमिट करायची वेळ थोडक्यात टळली.

त्या गृहस्थांचा मला अजून राग आहे. जो आजार आपण तपासत नाही, त्याच्या गोळ्यांना हात लावायचा नाही, एवढं साधं होतं. पण राग थोडा ओसरल्यावर दुसरीच गोष्ट टोचायला लागली. पाच वर्षांत सायकिअॅट्रिस्टच्या केबिनमध्ये झोपेबद्दल एकच प्रश्न ऐकलाय : "झोप येते ना?" बाहेर तीस माणसं बसलेली, डॉक्टरही काय करणार. आणि सुईवाल्याने पहिल्या दिवशी काय विचारलं? पडता किती वाजता, जाग किती वेळा येते, आली की काय करता, दिवसा पेंगता का. निद्रानाशासाठीच्या सीबीटीत सुरुवातीला साधारण हेच विचारतात. अमेरिकन फिजिशियन्सच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळ्यांच्या आधी ती सीबीटी सांगितली आहे. ब्रिटनमधल्या ३७५५ विद्यार्थ्यांवरच्या २०१७च्या चाचणीत तर ती ऑनलाइन देऊन झोप सुधारली, तेव्हा संशयी विचार आणि भास यांचं प्रमाणही कमी झालं. म्हणजे झोप नुसतं लक्षण नाही, तिथे वेगळा हात घालता येतो. मात्र या सीबीटीत कधीकधी अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करतात, आणि बायपोलरमध्ये झोप तोडली तर मेनिया उफाळू शकतो. म्हणजे दोन्ही कळणारा माणूस हवा. आम्ही शोधतोय. नाशिकात अजून सापडला नाही, पुण्यातली एक अपॉइंटमेंट दीड महिन्यांनंतरची मिळालीय.

तोवर दादा महिन्यातून दोनदा सुया घेतो, दुसरीकडे. मी अडवत नाही. "तिथे पडलं की डोकं गप्प होतं," म्हणतो, आणि त्याचं डोकं गप्प होणं ही काय चीज आहे ते मला माहीत आहे. अटी तीन. सुया निर्जंतुक, एकदा वापरून फेकायच्या. गोळ्यांबद्दल फक्त डॉक्टर बोलणार. आणि शीटची प्रिंट दर वेळी डॉक्टरांच्या टेबलावर. परवा त्यांनी ती खरंच पाच मिनिटं वाचली आणि रात्रीच्या गोळीची वेळ बदलून दिली.

सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेल्या की मला मेल येते, तेवढं स्क्रिप्ट मी लिहून ठेवलंय. आजचा आकडा अजून भरलेला नाही. रविवार आहे, झोपला असेल.