लवचिक सर्किट आणि सोलापूरचा प्रश्न

इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग देशातच बनावेत, यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये २२,९१९ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. तिच्या यादीत लवचिक सर्किटांचाही समावेश आहे. लवचिक सर्किट म्हटले, की मोबाइलच्या आतली, घडी घालता येणारी पातळ पट्टी डोळ्यांपुढे येते. याच तंत्राचे एक अतिसूक्ष्म रूप हृदयाच्या रक्तवाहिनीत शिरणाऱ्या अल्ट्रासाऊंड कॅथेटरच्या टोकावर असते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. सोलापूरसारख्या शहराने या योजनेकडे पाहावे ते या दुसऱ्या टोकाकडून.

अँजिओग्राफीत रक्तवाहिनीची केवळ सावली दिसते. वाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर किती, कॅल्शियम किती, बसवलेला स्टेंट पुरेसा उघडला की नाही, हे पाहायचे तर आतूनच पाहावे लागते. सव्वा मिलिमीटरहूनही कमी जाडीचे अल्ट्रासाऊंड कॅथेटर हे काम करते. त्याचा एक प्रकार फिरत्या टोकाचा असतो. दुसऱ्या प्रकारात काहीच फिरत नाही. टोकाभोवती पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिकचे ६४ सूक्ष्म घटक कड्यासारखे बसवलेले असतात आणि ते आळीपाळीने ध्वनिलहरी सोडतात व परत टिपतात. लवचिक सर्किट लागते ते या दुसऱ्या प्रकारात.

कारागिरी कुठे आहे?

अशा टोकाचा घेर जेमतेम साडेतीन मिलिमीटर. त्यात ६४ घटक बसवायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मायक्रॉनच्या हिशेबात पन्नास-साठ एवढीच जागा येते. माणसाचा केसही साधारणतः याहून जाड असतो. एवढ्या छोट्या गोल पृष्ठावर थेट तारा जोडणे अशक्यच. म्हणून पॉलिइमाइडच्या पातळ फिल्मवर धातूच्या रेषा कोरून सर्किट आधी सपाट बनवले जाते. घटक व चिप त्याच अवस्थेत जोडल्या जातात आणि मग सारे गुंडाळून नळी केली जाते. चिपमुळे ६४ घटकांचे संकेत मोजक्याच तारांतून बाहेर आणता येतात. एरवी एवढ्या तारा त्या नळीत मावल्याच नसत्या.

खरी कसोटी लागते ती गुंडाळताना. वाकवलेल्या पट्टीचा बाहेरचा थर ताणला जातो, आतला दबला जातो. म्हणून धातूच्या रेषा शक्यतो मधल्या, ताण न येणाऱ्या पातळीवर ठेवाव्या लागतात. चिप मात्र वाकत नाही. त्यामुळे चिपचा भाग बहुकोनी, घटकांचा भाग गोल आणि दोहोंना जोडणारा पट्टा लवचिक, अशी रचना करावी लागते. शेजारच्या रेषांतील संकेत एकमेकांत मिसळता कामा नयेत. शिवाय ध्वनी याच फिल्ममधून बाहेर पडत असल्याने तिची जाडी थोडी चुकली, तरी चित्र बिघडते. वीसएक मेगाहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबीच पाऊण दशांश मिलिमीटर असते. वर निर्जंतुकीकरण सोसणे आणि रक्ताशी जुळवून घेणे आलेच.

रुग्णाच्या खिशाशी संबंध

हे सारे शास्त्रज्ञांचे कौतुक म्हणून सोडून देता येत नाही. गुंतागुंतीच्या अँजिओप्लास्टीत अशा प्रतिमांचा आधार घेतल्यास रुग्णाचे भले होते, याचा पुरावा आता भक्कम आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,६३९ रुग्णांच्या कोरियन अभ्यासात मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पुन्हा उपचार करण्याची वेळ येण्याचे प्रमाण १२.३ वरून ७.७ टक्क्यांवर आले. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी या तंत्राची सर्वोच्च श्रेणीची शिफारस केली.

भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. पुढे ती निर्देशांकानुसार वाढत गेली. त्याआधी व नंतर सुरत-वापीच्या देशी कंपन्यांनी स्टेंटच्या बाजारात मोठे स्थान मिळवले. अल्ट्रासाऊंड कॅथेटरला मात्र अशी कमाल मर्यादा नाही. वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक दरवाढ करता येत नाही, एवढेच बंधन. बाजार प्रामुख्याने मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हाती आहे आणि कॅथेटर एकदाच वापरायचे असते. परिणामी, ज्याला गरज अधिक त्यालाच हे तंत्र परवडत नाही.

सोलापूरच्या हाती काय?

येथे भाबडेपणा कामाचा नाही. असे सर्किट छापायला धूळमुक्त कक्ष आणि मोठे भांडवल लागते. ते चादरी-टॉवेलच्या शहरात उद्या उभे राहणार नाही. २०२१ मध्ये केंद्राने निवडलेल्या चार वैद्यकीय उपकरण उद्यानांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, हेही विसरता येत नाही. परंतु रचना, चाचणी आणि जुळवणी ही कामे छपाईपासून वेगळी करता येतात. सोलापुरात १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८३ पासून वालचंद तंत्रशिक्षण संस्था आहे. मायक्रॉनच्या अचूकतेने कॅमशाफ्ट घडवून ते परदेशी पाठवणारा उद्योगही याच मातीतला आहे. उणीव आहे ती या तिघांना एका टेबलाशी बसवणाऱ्या यंत्रणेची. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये राज्याच्या मदतीने सुरू झालेल्या 'बेटिक' केंद्राने डॉक्टर व अभियंत्यांना एकत्र आणून उपकरणे घडवण्याचा मार्ग दाखवला आहे.

पहिले पाऊल कॅथेटर बनवण्याचे असण्याची गरज नाही. सर्किट किती वेळा वाकवल्यावर तुटते, पाण्याच्या टाकीत प्रतिमा किती स्पष्ट येते, हे मोजणारी प्रयोगशाळा पुरेशी आहे. धोक्याच्या वरच्या वर्गातील उपकरणांचा परवाना केंद्रीय औषध नियंत्रकांकडून मिळतो आणि त्यासाठी अशा नोंदी लागतातच. गिरण्या बंद पडल्या तेव्हा सोलापूरने यंत्रे गमावली आणि अनेक हातांचे काम गेले. शिकलेली पिढी आज पुण्याची गाडी पकडते आहे. २२,९१९ कोटींतील एक रुपयाही आपोआप या शहराकडे येणार नाही. मागणी कशाची करायची, हे आधी शहराने ठरवले पाहिजे.