पाटी, नोंदवही आणि दूरचा डॉक्टर

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या पेठांतून डॉक्टरच्या दारावरची पाटी ही नुसती नावाची पाटी नव्हती. नावापुढे 'एल. सी. पी. एस.' किंवा 'एम. बी. बी. एस.' ही अक्षरे असत आणि त्यांच्यामागे कोठेतरी एक सरकारमान्य नोंदवही असे. मुंबई इलाख्यात ती १९१२ च्या कायद्याने सुरू झाली. रोग्याने ती वही कधी पाहिली नाही. पाहावयाची गरजही नव्हती; औषध चुकले तर डॉक्टरला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जावयाचे होते.

इंटरनेटने हा रस्ताच मधून काढून घेतला आहे. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाचे नियम निघाले. नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कोणत्याही राज्यातील रोग्यास फोनवर वा पडद्यावर तपासू शकतो, असे त्यांत आले. अमेरिकेत रीत निराळी. तेथे वैद्यकी रोगी जेथे असेल तेथे घडते असे सामान्यतः मानतात आणि त्या राज्याचा परवाना मागतात. आपण सीमा खुल्या केल्या, हे प्रस्तुत लेखकास योग्यच वाटते. पुण्याच्या डॉक्टरशी आपल्या भाषेत दुखणे बोलता येणे ही बडोद्यातल्या एखाद्या आजीबाईंना लहान गोष्ट नव्हे.

त्या नियमांत मेख चांगली मारून ठेवली आहे. सल्ला निनावी असू नये. चिठ्ठीवर, पावतीवर, इतकेच काय व्हॉट्सॲपच्या निरोपावरही नोंदणी क्रमांक हवा. व्यसन लावणारी औषधे दुरून लिहावयाची नाहीत. यंत्रबुद्धीने डॉक्टरला मदत करावी, परंतु स्वतः औषध सांगू नये. (परदेशातून सल्ला देणारा आपला भाचा ह्या नियमांच्या कक्षेत येतच नाही, हे घरोघरी ध्यानात असलेले बरे.)

अडचण पुढेच आहे. हे सर्व बंधन ज्याच्यापाशी परवाना आहे त्यालाच. विनापरवाना वैद्यकी करणाऱ्यास २०१९ च्या कायद्याने एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे खरा, पण चलच्चित्रातून मधुमेहावर काढे सांगणारा गृहस्थ 'मी केवळ माहिती देतो' म्हणून मोकळा होतो. म्हणून कायदा आडवाटेने जातो. नियम मोडणारे संकेतस्थळ काळ्या यादीत घालता येते आणि मग कोणत्याही डॉक्टरने ते वापरावयाचे नाही. शेअरबाजारातही 'सेबी'ने हाच मार्ग धरला. बिननोंदणीच्या सल्लागारांशी नोंदणीकृत दलालांनी संबंध ठेवू नये, असे ऑगस्ट २०२४ मध्ये ठरविले. तात्पर्य, परवानाधारकाचा कान पिळून बिनपरवान्याला आवरावयाचे. बिनपरवान्याचे पोट केवळ जाहिरातीवर चालत असेल तर तो कानही हाती लागत नाही.

आणि दूरचा डॉक्टरच चुकला तर? तक्रार त्याच्या राज्याच्या वैद्यक परिषदेकडे. डॉक्टर महाराष्ट्रातला असेल तर बडोद्याच्या माणसाने मुंबईकडे पाहावे. तेथे निकाल विरुद्ध गेला तर पूर्वीच्या नियमांनी रोग्यालाही वरती दाद मागता येई. २०१९ च्या कायद्याने अपिलाचे कलम लिहिले ते डॉक्टरपुरतेच. सीमा ओलांडण्याची मुभा ज्या वर्षी रोग्याच्या घरी आली, त्याच २०२० साली हा कायदा अमलात येऊन त्याचा एक दरवाजा बंद झाला, हे विचित्रच म्हणावयाचे.

उरतो ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेली वैद्यकी त्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार आता आपण राहतो त्याच गावी दावा लावू शकतो. पुण्याच्या डॉक्टरला त्यामुळे बडोद्यात उत्तर द्यावे लागेल. मात्र आयोग भरपाई देऊ शकतो. नोंदवहीतले नाव खोडणे त्याच्या हाती नाही.