बोटीवरचे वॅट

मांडवीवर संध्याकाळी निघणाऱ्या सहलीच्या बोटी तुम्ही पाहिल्या असतीलच.. म्हणजे ऐकल्या असतील! आता छोट्या बोटवाल्यांनाही वाटतं, इंजिनाच्या आवाजात गाणी ऐकू येत नाहीत, एक अ‍ॅम्प्लिफायर टाकू या.

अहो, हिशोब तरी करा! वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. १०० चे १०००! १२ व्होल्टच्या बॅटरीतून एवढे ओढायचे तर ८० अँपिअरच्या वर करंट जाणार. इंजिन चालू करायला आणि तळाचं पाणी उपसायला तीच बॅटरी असेल, तर नदीच्या मधोमध ती बसल्यावर म्हणा आरत्या.

बरं, वेगळी बॅटरी लावाल. जाड वायर, फ्यूज, सगळं कराल. पण कानांचं काय? बोटींची टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम ठरले. त्यातला पाचवा सांगतो, पहारा डोळ्यांनी ठेवायचा तसा कानांनीही. अंधारात बार्जचा भोंगा ऐकू आला नाही, तर तुमचं गाणं काय कामाचं?

गाण्यांशी माझं भांडण नाही. स्पीकर जवळ आणा ना! उघड्यावर अंतर निम्मं केलं की साधारण ६ डेसिबल फुकट मिळतात. तेवढ्यासाठी चौपट वॅट विकत घ्यावे लागतात. पण दुकानदार हे कशाला सांगेल? त्याला वॅटच विकायचेत.

असो. पटलं तर बघा.