पान लाल, तर लोंबी हलकी

एटापल्ली : सूरजागडच्या पहाडावरून लोहखनिजाची वाहतूक 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली. 2023 मध्ये उत्खननाची परवानगी वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर गेली. ट्रक वाढले, तशी रस्त्याकडेच्या बांध्यांत लाल धूळही वाढली. ही धूळ धानाचं नेमकं काय करते?

धान आपलं अन्न पानातच तयार करते. पडणाऱ्या उन्हातला शंभरात जेमतेम एक हिस्सा पिकात साठतो. त्यात पानावर धूळ बसली की ऊन अडते, पानाची बारीक छिद्रं बुजतात. पावसाळ्यात पानं धुतली जातात. पण लोंबी भरायची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबरची. पाऊस ओसरतो आणि नेमकी तेव्हाच धूळ टिकते. खत तेवढंच, मजुरी तेवढीच, दाणा मात्र पोचट.

नुकसान दाण्यावर थांबत नाही. तणस बैल खातो, त्याचं शेणखत परत बांधीत येते. चाऱ्यातला साधारण दहावा हिस्साच जनावराच्या अंगी लागतो. म्हणजे पानात एक घास कमी झाला, तर बैल, बांधी आणि आपलं ताट, सगळ्यांच्याच वाट्याला कमी येणार. मोहाच्या झाडाचंही तेच.

म्हणून पंचनामा कापणीनंतर नको, धान उभं असतानाच व्हावा. त्यात तणसही मोजावं. ट्रकवर ताडपत्री आणि रस्त्यावर पाणी ऑक्टोबरात तरी रोज हवंच. तोवर आपण पानांचे तारखेसह फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. उद्या तेच कामी येतील.