‘द मूनस्टोन’मधील पहिला चोर

विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीची ओळख ‘इंग्रजीतील आरंभीची थोर रहस्यकथा’ एवढ्यावर आटोपली जाते. याला माझा सक्त आक्षेप आहे. १८४८ च्या जूनमध्ये यॉर्कशायरच्या वाड्यातून हिरा नाहीसा होतो, लंडनहून गुलाबवेडा सार्जंट कफ येतो, आणि वाचक त्याच्यामागे धावू लागतो.

पण पहिली चोरी तर उपोद्घातातच घडलेली आहे! ४ मे १७९९. श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला. त्या धुमाकुळात जॉन हर्नकॅसल रक्षकांचे मुडदे पाडून हिरा लाटतो. चुलतभाऊ त्याच्या हातातला रक्ताळलेला खंजीर पाहतो आणि पुढे ‘पुरावा नाही’ म्हणून गप्प बसतो. हिरा इंग्रज घरातून गेला की गुन्हा. इंग्रज घरात आला तेव्हा मात्र मृत्युपत्राने मिळालेली भेट. या चोरीचा तपास कफकडे कोणी सोपवतच नाही.

हिरा काल्पनिक, लूट नव्हे. श्रीरंगपट्टणचा खजिना सैन्यात हुद्द्याप्रमाणे रीतसर वाटला गेला. कोहिनूर तर १८४९ मध्ये तहाच्या कलमानेच गेला, आणि कॉलिन्स प्रस्तावनेत त्याचे नावही घेतो.

म्हणून कॉलिन्सला साम्राज्यविरोधक ठरवण्याची घाई नको. बंडाच्या संतापात, १८५७ मध्येच, त्याने डिकन्ससोबत इंग्रज शौर्याची कथा लिहिली होती. तरीही अवघ्या ११ वर्षांनी तो हिरा सोमनाथला, चंद्रदेवाच्या कपाळी परत बसवतो. आणि त्यासाठी खून करणाऱ्या तिघा ब्राह्मणांना इंग्रजांच्या हाती लागू देत नाही.