ताशी तीस किलोमीटरवर समाधान मानू नका

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून नगरकडे पहिली प्रवासी रेल्वे सुटली. जिल्ह्याला आनंद झाला आणि तो आनंद खरा होता. आता त्या आनंदाचा हिशोब करू. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता. आज तो ४,८०५ कोटींवर गेला आहे आणि त्यातला निम्मा भार राज्याच्या तिजोरीवर आहे. तीस वर्षांत गाडी बीडपर्यंत पोहोचली, म्हणजे १६६ किलोमीटर. सुरुवातीच्या वेळापत्रकात हे अंतर कापायला साडेपाच तास दिले होते. भागाकार करून बघा, ताशी तीस किलोमीटर.

मी नेकनूरचा. आमच्या गावावरून हा मार्ग जातही नाही. तो बीडवरून वडवणीकडे आणि पुढे परळीला वळतो. तरीही ही गाडी आली याचं मला समाधान आहे. पण "आली ना एकदाची, आता गप्प बसा" असं कोणी म्हणत असेल, तर त्याच्याशी माझं भांडण आहे. महाराष्ट्राला सगळ्या राज्याला जोडणारं वेगवान रेल्वेचं जाळं हवं आहे. त्या जाळ्यात बीडसारखा जिल्हा पहिल्या नकाशापासून असला पाहिजे. आणि ही मागणी पुढे नेण्याचं काम आपण, मराठी बोलणाऱ्या मुस्लिम तरुणांनी, अंगावर घेतलं पाहिजे.

वेगवान रेल्वे म्हटली की आपल्या डोळ्यासमोर मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन येते. सप्टेंबर २०१७ मध्ये तिची पायाभरणी झाली. लांबी ५०८ किलोमीटर, मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी, त्यातलं ८१ टक्के जपानचं कर्ज, नाममात्र व्याजाचं आणि ५० वर्षांत फेडायचं. या कंपनीच्या भांडवलात महाराष्ट्राचा वाटा ५ हजार कोटींचा, गुजरातचाही तेवढाच. महाराष्ट्रात मात्र हा मार्ग जेमतेम १५६ किलोमीटर आहे आणि स्टेशनं चार: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. म्हणजे राज्याच्या पैशातून होणारी पहिली वेगवान रेल्वे पालघर जिल्ह्याच्या पलीकडे महाराष्ट्रात पाऊलच टाकत नाही. नाशिकला नाही, पुण्याला नाही, मराठवाडा-विदर्भाचं तर नावच काढू नका. ज्या पालघरच्या आदिवासींच्या जमिनी गेल्या, त्यांच्यातले किती जण त्या गाडीत बसतील, हा प्रश्नही तसाच पडून आहे.

यावर आपले काही पुरोगामी मित्र म्हणतात, "बघा, बुलेट ट्रेन ही श्रीमंतांचीच. गरिबाला तिचं काय?" त्यांची कळकळ मला मान्य आहे, त्यांचा निष्कर्ष नाही. गाडी कोणाची, हे तिचा वेग ठरवत नाही. मार्ग कुठून काढला, स्टेशन कुठे ठेवलं आणि पास केवढ्याला दिला, यावर ते ठरतं.

स्पेनचं उदाहरण घ्या. त्या देशाने आपला पहिला वेगवान मार्ग १९९२ मध्ये माद्रिदहून दक्षिणेला सेव्हिलकडे नेला. सेव्हिल ज्या अंदालुसियात आहे, तो देशातल्या मागास प्रांतांपैकी एक. श्रीमंत बार्सिलोनाला हा वेग मिळाला २००८ मध्ये. त्या पहिल्या मार्गावर सियुदाद रेआल नावाचं एक लहान शहर आहे. माद्रिदपासून साधारण १७० किलोमीटर, म्हणजे जवळपास बीड ते नगर एवढंच अंतर. तिथली माणसं सकाळी गाडीत बसतात, तासाभरात राजधानीत कामावर जातात आणि संध्याकाळी घरी जेवायला परत येतात. रोजच्या प्रवाशांसाठी तिथे वेगळ्या गाड्या आणि सवलतीचे पास आहेत. त्यांच्याकडे एक तास, आपल्याकडे साडेपाच. फरक सरकारने आधी कोणाचा विचार केला, याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा असतो: "बीडमध्ये एवढे प्रवासी आहेत कुठे?" असं म्हणणाऱ्याने दिवाळीच्या सुमारास मांजरसुंब्याच्या चौकात एक दिवस उभं राहावं. मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाताना दिसतील. संध्याकाळनंतर पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्स दिसतील, एकामागून एक. त्यांत शिकणारी पोरं असतात, कंपनीतले कामगार असतात, फाइल मांडीवर घेऊन मोठ्या दवाखान्यात निघालेले म्हातारे असतात. मी स्वतः कॉलेजची वर्षं अशाच रात्रीच्या गाड्यांत काढली. पुणं अडीचशे किलोमीटरवर आणि एका कामासाठी दोन रात्री बसमध्ये. या जिल्ह्यातून माणसं निघतात भरपूर. त्यांना दिवसात जाऊन परत येता येत नाही, म्हणून ती तिकडेच राहतात, आणि गाव पोरांविना म्हातारं होत जातं.

सगळ्यात मोठा फायदा मुलींचा होईल, असं माझं ठाम मत आहे. आपल्या वस्त्यांमध्ये बारावीनंतर कितीतरी मुलींचं शिक्षण का थांबतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मार्क कमी नसतात. "परगावी राहणार कुठे?" हा प्रश्न असतो. बीडहून औरंगाबादच्या विद्यापीठात सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं, तर कितीतरी अब्बांचा नकार गळून पडेल. तेच नोकरीचं, तेच स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं, तेच डायलिसिसच्या किंवा कॅन्सरच्या पेशंटचं.

ऊसतोड वेगवान रेल्वेने बंद होईल, असं खोटं मी सांगणार नाही. नेकनूरच्या बाजारातल्या शेळ्या आणि बैलही तिच्यातून जाणार नाहीत. पण प्रवासी वेगळ्या रुळांवर गेले की जुन्या रुळांवर मालगाड्यांना जागा होते, कापूस आणि कांदा स्वस्तात हलतो. आणि दीड तासावर रोजगार असला, तर घराला कुलूप लावून सहा महिने फडात राहणं हा एकमेव पर्याय उरत नाही.

मग नेमकं मागायचं काय? नकाशा समोर घ्या. मुंबई–नागपूर आणि मुंबई–पुणे–हैदराबाद या दोन वेगवान मार्गांचा अभ्यास राष्ट्रीय हायस्पीड रेल महामंडळाकडे आधीच दिलेला आहे. पहिला नाशिक, औरंगाबाद, जालन्यावरून जाणारा, दुसरा सोलापूरवरून. या दोन समांतर रेषांच्या मधोमध बीड आणि उस्मानाबाद आहेत, दोन्हींपासून लांब. आता आडवी रेघ बघा. जळगाव–जालना या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्गाचं काम चालू आहे. मधला जालना–बीड–धाराशिव हा तुकडा तेवढा रिकामा आहे.

हा तुकडा भरा, आणि तो पहिल्या दिवसापासून ताशी १६० ते २०० किलोमीटरच्या गाड्यांसाठी बांधा. ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. दिल्ली–मेरठ मार्गावर ऑक्टोबर २०२३ पासून ताशी १६० ने 'नमो भारत' धावते आहे. सोलापूर–धुळे महामार्गाच्या बाजूने हा मार्ग आला, तर मांजरसुंब्याला स्टेशन होऊ शकतं आणि नेकनूर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. बीड–सोलापूर दीड तास, बीड–जालना तासाभरात, आणि दोन्ही टोकांना मुंबई, नागपूर, हैदराबादच्या गाड्या. नेकनूरला बुलेट ट्रेन कोणी मागत नाही. बुलेट ट्रेनपर्यंत वेळेत पोहोचवणारी गाडी मागतो आहोत.

"पैसा कुठून आणायचा?" हे विचारणाऱ्या सरकारनेच ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५५ हजार कोटींच्या आसपास खर्चून जून २०२५ मध्ये पूर्ण केला. त्याच सरकारने ८६ हजार कोटींच्या आसपास अंदाज असलेला शक्तिपीठ महामार्ग पुढे रेटला आहे, शेतकरी नको म्हणत असताना. मोटार असलेल्या माणसासाठी पैसा निघतो. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याच्या वेळी तिजोरी रिकामी होते.

आणि वेळेचं कारण तर सांगूच नका. कोकण रेल्वेसाठी १९९० मध्ये वेगळं महामंडळ काढलं. जॉर्ज फर्नांडिस आणि मधु दंडवते यांनी राजकीय ताकद लावली, केंद्राबरोबर राज्यांनी भांडवल घातलं, बाजारातून रोखे काढले. सह्याद्रीच्या कुशीत नव्वदहून जास्त बोगदे आणि सुमारे दोन हजार पूल बांधून २६ जानेवारी १९९८ ला ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण सुरू झाला. आठ वर्षं लागली. बीडच्या माळरानावर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं काम तीस वर्षांत संपलं नाही. डोंगर आडवे आले नाहीत. कोणी विचारणारं नव्हतं.

आता तो मुद्दा, जो आपल्याच बैठकांमध्ये निघतो: "भाई, इथे जीव मुठीत धरून जगतोय, आणि तू रेल्वेचं काय घेऊन बसलास?" मला ही भीती कळते. पण दोस्तांनो, आपल्याला फक्त 'मुस्लिम प्रश्ना'च्या खोलीत बसवून बाकी सगळ्या प्रश्नांचं दार बाहेरून लावून घ्यायचं, हेच तर चालू आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये काय नोंदवलं? मुस्लिमांची वस्ती जास्त असलेल्या गावांत पक्के रस्ते, बसथांबे, दवाखाने कमी आहेत. म्हणजे रस्ता आणि गाडी हाच आपला मुस्लिम प्रश्न आहे, आणि तोच शेजारच्या वंजारी, मराठा, दलित घराचाही आहे. जिल्ह्यांची आणि स्टेशनांची नावं बदलली, त्यावर आपण वाद घातले, घालावेतही. पण पाटीवर कोणतंही नाव असो, गाडी ताशी तीसनेच चालली.

बीडची खजाना विहीर तुम्ही पाहिली असेल. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात सलाबतखानाने ती बांधवली आणि तिची रचना केली राजा भास्कर या स्थापत्यकाराने. पुढे शतकानुशतकं तिचं पाणी शेतांना मिळत राहिलं. शेत कोणाचं, हे पाण्याने विचारलं नाही. सार्वजनिक काम म्हणतात ते याला, आणि ते या मातीत आपल्याला नवं नाही.

म्हणून कामाचं सांगतो. १ मे किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत जालना–बीड–धाराशिव वेगवान मार्गाचा ठराव मांडा. त्यात चार गोष्टी लिहून घ्या. एक, मांजरसुंबा परिसरात स्टेशन, आणि स्टेशनच्याच आवारात एसटीचा थांबा. दोन, विद्यार्थी आणि कामगारांसाठी मासिक पास. तीन, ज्याची जमीन जाईल त्याला २०१३ च्या कायद्याप्रमाणे पूर्ण मोबदला, आधी हातात आणि मग मोजणी. वक्फची जमीन आली तर तिचा पैसा वक्फच्याच कामाला. चार, बांधकामात आणि पुढच्या नोकऱ्यांत जिल्ह्यातल्या पोरापोरींना प्रशिक्षण देऊन जागा. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर सह्या घ्या, त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर घ्या, आठवडी बाजारात टेबल टाकून घ्या. ठरावाची प्रत खासदार, आमदार आणि रेल्वे मंत्रालयाला पाठवा, पोचपावती जपून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी "काय झालं?" म्हणून विचारा.

आपल्या बापजाद्यांनी एका गाडीसाठी तीस वर्षं वाट पाहिली. पुढच्या गाडीसाठी तेवढी वाट पाहायची नसेल, तर पहिली सही याच शुक्रवारी झाली पाहिजे.